सासूबाईंचा स्मृतिभ्रंश आणि सांभाळणारीची झोप

प्रश्न: पाच वाजले की "मला घरी जायचंय" सुरू. रात्री तीनदा उठतात. सून पार थकलीय. काय करावं?

उत्तर १: अंधारून यायच्या आधीच सगळे दिवे लावा, सावल्यांनी घाबरतात. दुपारी तीननंतर चहा नको. "हेच तुमचं घर" असा वाद तर नकोच, जास्त चिडतात. मटार सोलायला द्या. गोंधळ एकदम वाढला तर लघवीची तपासणी, संसर्ग असू शकतो.

उत्तर २: रात्र वाटून घ्या: दहा ते दोन सून, पुढे मुलगा. प्रत्येक हाकेला आळीपाळीने उठलात तर दोघांचीही झोपमोड. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्या नणंदेला थेट शनिवार दुपार द्या.

उत्तर ३: सुनेला दोन आठवडे सतत उदास वाटत असेल तर डॉक्टर गाठा. टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, चोवीस तास, मोफत. मराठीतही बोलतात.