शेवाळ आलं म्हणून खत बंद करू नका

पाणवठा (पुणे)

प्लांटेड टाकीत (माशांच्या, रोपं लावलेल्या टाकीत) शेवाळ दिसलं की कुणीतरी लगेच सांगतं, ‘खत बंद कर आणि लाइट कमी कर.’ लाइटचं खरं आहे. खताचं साफ चुकीचं आहे, आणि त्यापायी लोक चांगली रोपं मारतात, म्हणून हा धागा.

माझी दोन फुटी टाकी आहे, पाणी साधारण ६० लिटर. तीन वर्षांपूर्वी काचेवर हिरवे कडक ठिपके धरायला लागले. स्पंजने निघेनात, ब्लेडने खरवडावे लागायचे. दुकानात सांगितलं म्हणून दोन महिने खत टाकलं नाही. ठिपके वाढले, रोटाला या रोपाचे शेंडे बारीक झाले आणि अनुबियास या रोपाच्या जुन्या पानांवरही तेच ठिपके बसले. मग उलटं करून पाहिलं. द्राक्षबागायतदार ठिबकमधून सोडतात ते ०-५२-३४, म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, कृषी सेवा केंद्रातून आणलं. आठवड्यातून दोनदा ०.१ ग्रॅम. ६० लिटरला एवढ्याने फॉस्फेट १ पीपीएमच्या (लिटरला १ मिलिग्रॅम) थोडं वर जातं. महिन्याभरात नवे ठिपके येणं जवळजवळ थांबलं. लाइट तोच होता, मासे तेवढेच होते.

हा वाद जुनाच आहे. १९९६ मध्ये पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉनलिन या टाकीच्या शौकिनांनी मांडलं की फॉस्फेट तोडलं की शेवाळ मागे हटतं. पुढे टॉम बार या दुसऱ्या शौकिनाने नेमकं उलट सांगितलं: नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश सगळं मुबलक द्या, आठवड्याला निम्मं पाणी बदला, म्हणजे काही साचून राहणार नाही. मी बार यांच्या बाजूचा आहे. शेवाळाची भूक इतकी कमी असते की तुम्ही उपास घडवायला गेलात तर आधी रोपं उपाशी मरतात. मग कुजणारी पानं अमोनिया सोडतात आणि शेवाळाला आयतं जेवण मिळतं.

तळ्याकाठी (ठाणे)

पूर्ण असहमत. फॉस्फरसने पाणी हिरवं होतं हे एका अख्ख्या तळ्यावर दाखवून झालंय. कॅनडात ओंटारिओमधल्या २२६ क्रमांकाच्या तळ्यात १९७३ साली मधोमध पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला. आपल्या नद्यांत सांडपाणी आणि साबणाचं पाणी शिरल्यावर काय होतं, तेही आपण रोज बघतो. असं असताना नवख्या माणसाला ‘फॉस्फेट टाक’ म्हणून सांगायचं?

माझ्या दोन टाक्या डायना वॉल्स्टॅड यांच्या पद्धतीच्या आहेत. खाली माती, वर बारीक वाळू, वरून सोडलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) नाही, बाटलीतलं खत नाही. माशांना जे खाणं घालतो तेच रोपांचं खत. वर तरंगणारी रोपं आहेत, ती हवेतला सीओटू घेतात आणि पाण्यातलं नायट्रेट ओढून घेतात. चार वर्षांत औषधाचा थेंब लागला नाही. लाइट सकाळी चार तास, मधे विश्रांती, संध्याकाळी चार तास.

पाणवठा

काका, २२६ नंबरच्या तळ्याचं उदाहरण चांगलं आहे, पण तिथे हिरवं झालं ते उघडं पाणी. रोपांनी गच्च भरलेल्या टाकीशी त्याची तुलना होत नाही. उथळ तळ्यांत पाणवनस्पती दाट असतील तर खत बऱ्यापैकी वाढलं तरी पाणी नितळ राहतं. वनस्पती गेल्या की मग ते गढूळ हिरवं होतं. माझा मुद्दा तोच आहे: रोपं जगवा.

आणि तुमची रोपं उपाशी नाहीतच. माती आणि माशांचं खाणं मिळून त्यांचं पोट भरतंय, लाइटही बेताचा आहे. मी बोलतोय ते तेज एलईडी लावून खत तोडणाऱ्यांबद्दल. लाइट वाढवला की रोपांची भूक वाढते. भूक वाढवायची आणि ताट काढून घ्यायचं, हे चालणार कसं?

वैनगंगा (नागपूर)

तुम्ही दोघंही थंड पाण्याच्या गावचे. आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी ३३ अंशांवर जातं. गरम पाण्यात सीओटू कमी विरघळतो आणि रोपांची गरज मात्र वाढते. माझ्याकडे सीओटू तयार करणारी साखर-यीस्टची बाटली होती. पहिला आठवडा बुडबुडे जोरात, तिसऱ्या आठवड्यात जवळपास बंद. त्या चढउतारात काळं दाढीवालं शेवाळ आलं, लाकडावर, फिल्टरच्या नळीवर, पानांच्या कडांना. खत वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं, ते हललं नाही.

शेवटी ग्लुटरालडिहाइडचं, शेवाळ मारणारं द्रव आणलं. फिल्टर थोडा वेळ बंद ठेवून सिरिंजने थेट त्या झुपक्यांवर सोडलं. काही दिवसांत शेवाळ लालसर झालं आणि झिंग्यांनी ते खाल्लं. म्हणून औषधाला सरसकट नावं ठेवू नका. पण खरं तेही सांगते, माझी व्हॅलिस्नेरिया (लांब पानांचं रोप) त्यात पार विरघळून गेली.

शुश्रूषा (नाशिक)

मी रुग्णालयात काम करते. ग्लुटरालडिहाइड आम्ही उपकरणं निर्जंतुक करायला वापरतो, २ टक्क्यांचं द्रावण. हातमोजे आणि हवेशीर खोली असल्याशिवाय त्याला हात लावत नाही. डोळ्यांची आग होते, श्वासाला त्रास होतो. घरात लहान मुलं असताना ही बाटली टाकीच्या कपाटात ठेवलेली मला चालणार नाही.

त्याहून जास्त राग येतो तो एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा. निळसर-हिरवा, बुळबुळीत, वास मारणारा थर आला की लोक मेडिकलमधून गोळ्या आणून टाकीत कुस्करतात. तो थर जातो, कारण ते मुळात शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया नावाचे जंतू आहेत. पण ते पाणी पुढे जातं कुठे? गटारात. आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू आम्हाला वॉर्डात भेटतात. ट्यूबने थर ओढून काढा, पाण्याचा प्रवाह वाढवा, तीन-चार दिवस टाकी जाड कापडाने पूर्ण झाका. एका माशाच्या टाकीसाठी हे औषध वाया घालवू नका, हात जोडून सांगते.

वैनगंगा

ताई, गोळ्यांबद्दल शंभर टक्के मान्य. ग्लुटरालडिहाइडबद्दलही पुन्हा विचार करते. सध्या सीओटूचा सिलिंडर घेतलाय, लाइट लागायच्या दोन तास आधी सीओटू सुरू होतो, ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी कुपी) लाइट लागताना हिरवा, म्हणजे पुरेसा सीओटू दाखवणारा, झालेला असतो. नवीन पानांवर दाढी नाही. जुनी पानं कापून टाकली.

पाणवठा

म्हणजे औषधाने जुनं शेवाळ मारलं, पण नवीन थांबवलं ते सीओटूने. मी हेच म्हणतोय.

एक राहिलं. टाकी नवीन असेल आणि काचेवर तपकिरी पूड बसली असेल, तर काहीच करू नका. ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. पुसा, पाणी बदला, लाइट सहा तासांवर ठेवा. टाकी मुरली की आपोआप जातं.

तळ्याकाठी

तरंगणाऱ्या रोपांचं तुम्ही कुणीच मनावर घेतलं नाही. पिस्टिया टाका, वर सावली होते आणि मुळं नायट्रेट ओढतात. खर्च शून्य. शेवाळावर सगळ्यात स्वस्त उपाय हाच, यावर मी ठाम आहे. फक्त ती कधी नदीत-तळ्यात टाकू नका, तिथे ती पाणी झाकून टाकते.

मात्र धाकट्या टाकीच्या काचेवर ते कडक ठिपके माझ्याकडेही आहेत, हे कबूल करतो. त्या एकाच टाकीत महिनाभर ०-५२-३४ टाकून बघतो. लाइट आणि मासे आहेत तसेच, मोठ्या टाकीला हात लावणार नाही. ठिपके वाढले तर तेही इथेच लिहीन.

पाणवठा

जरूर काका. पण आधी टेस्ट किटने फॉस्फेट मोजा. आत्ताच १ पीपीएमच्या वर असेल तर टाकू नका, ठिपक्यांचं कारण दुसरं असेल. आणि ०.१ ग्रॅम साध्या काट्यावर येत नाही. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातले १० मिली घ्या.