मदत हवी आहे: बगॅस (उसाचा चोथा) कन्व्हेयरची चेन लवकर ताणते

मंडळी, ड्राइव्ह असा आहे: ३ एचपी मोटर, गिअरबॉक्स आउटपुट १०० आरपीएम, १६बी सिंप्लेक्स (२५.४ मिमी पिचची, एकपदरी) चेन, स्प्रॉकेट १७ व ५१ दातांचे, सेंटर अंतर साधारण १ मीटर. चेन ताणून २० कड्या मोजल्या तर ५०८ऐवजी ५१६ मिमी भरतात, आणि मोठ्या स्प्रॉकेटवर ती दातांच्या टोकाकडे चढतेय. शाफ्ट समांतर आहेत, स्प्रॉकेट दोरीत आहेत, आतल्या पट्ट्यांवर घासल्याची खूण नाही. म्हणून संशय पिना-बुश (कड्यांच्या सांध्यातले भाग) झिजण्यावरच: तेल घातलं की बगॅसची भुकटी चिकटून लगदा होतो, नाही घातलं तर पिना कोरड्या. चेनसोबत १७चा स्प्रॉकेटही बदलणार, झिजलेल्या दातांवर नवी चेन टिकत नाही.

अशा धुळीत ओ-रिंग चेन (सांध्यात ग्रीस आत ठेवणाऱ्या रबरी कड्यांची) टिकते का, की साधीच चेन घेऊन बंद ऑइल-बाथ केस (चेन तेलात बुडून फिरेल अशी पेटी) करावी? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.