राणीमाशीचं आयुष्य आणि कॅप्सूल
राणीमाशी रॉयल जेलीवर (कामकरी मधमाश्या स्वतःच्या अंगातून स्रवून राणीला भरवतात तो खुराक) वर्षानुवर्षं जगते, मग तिची कॅप्सूल घेतली तर माणसाचंही आयुष्य वाढेल, असं म्हणतात; हा मुद्दा अर्धाच पटतो. राणी 2-3 वर्षं आरामात जगते, ऐन हंगामातली कामकरी माशी 5-6 आठवड्यांत संपते, आणि दोघींचं अंडं सारखंच, हे खरं. पण थंड देशांत शरदात जन्मणाऱ्या कामकरी माश्या राणीचा खुराक न मिळताही 5-6 महिने जगतात! पिल्लं पोसायचं काम नसल्यानं त्यांच्या अंगातली चरबी नि प्रथिनं शिल्लक राहतात. म्हणजे सगळं श्रेय जेलीला देता येत नाही. प्रयोगशाळेतल्या कृमींचं आयुष्य जेलीनं वाढलेलं दिसलंय, माणसाचं वाढतं याला पुरावा नाही.

सांगोल्याला मामांच्या डाळिंबाच्या बागेत बहाराच्या वेळी मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतात. पेटीवाल्यानं राणीचं घर दाखवलं होतं, भुईमुगाच्या शेंगेएवढं, खाली लोंबणारं. आतली जेली पांढरट, घट्ट, जिभेवर आंबट आणि झणझणीत. चव घेऊन बघायला हरकत नाही, पण दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर अजिबात नको. ऑस्ट्रेलियात अशा रुग्णांना जीवघेणे झटके आल्याच्या, मृत्यूच्याही नोंदी आहेत. सोलापुरात आमच्या आत्यांना दम्याचा पंप लागतो, त्यांनी प्रदर्शनातून रॉयल जेलीची बाटली आणली होती. मी ती परत करायला लावली. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनीही आधी डॉक्टरांना विचारा.