लैंगिक विषयावरच्या लिखाणाने समाजाचं मत खरंच बदलतं का?

वाचनालय_चाळीसगाव
मंडळी, अर्जंट मदत पाहिजे. मी आमच्या गावच्या वाचनालयाच्या कमिटीत आहे (तरुण म्हणून घेतलंय, म्हणजे खुर्च्या लावायला). मागच्या महिन्यात संततिनियमनावर लिहिणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या लेखांचं पुस्तक आलं, ते अभ्यासिकेत एमपीएससी करणाऱ्या एका मुलीने घरी नेलं आणि दुसऱ्याच दिवशी तिचे वडील पेपरात गुंडाळून परत घेऊन आले, वरून दोरा पण बांधलेला. आता ते ग्रंथपालांच्या कपाटात जमाखर्चाच्या वह्यांखाली आहे. मीटिंगमध्ये कमिटीतले अण्णा म्हणे, लैंगिक विषयावर लिहिल्यानेच समाज बिघडतो. मी म्हटलं उलट सुधारतो, तर म्हणे बरं, एक उदाहरण दे. बोलतीच बंद झाली माझी. रविवारी परत मीटिंग आहे, पॉइंट द्या.

केळीवाला_रावेर
भो, आमच्या टायमाला एसटी स्टँडच्या टपरीवर पिवळी पुस्तकं मिळायची, वर सामान्यज्ञानाचं कव्हर चढवून वाचायचो. कोणाचं काही मत-बित बदललं नाही, फक्त बारावीचा निकाल बदलला 😀

तापीकाठ
केळीवाला, विषय तो नाहीये.
अण्णांना कर्व्यांचंच उदाहरण दे ना, दुसरं कशाला शोधतो. माणूस गणिताचा प्रोफेसर, १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी गेली, तरी १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. १९३१ मध्ये अश्लीलतेचा खटला होऊन १०० रुपये दंड. १९३४ ला परत खटला, यावेळी वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि वकील कोण तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी हरले, २०० रुपये दंड झाला. आता राजकारणाचा भाग बघ. १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तो पडला. आणि १९५२ मध्ये भारत सरकारनेच कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. कर्वे वारले १९५३ ला. म्हणजे ज्या विषयासाठी दंड भरला त्याची सरकारी योजना झालेली त्या माणसाने बघितली. एकट्या मासिकाने झालं असं मी म्हणणार नाही, पण तो विषय चारचौघांत बोलायचा कोणीतरी आधी सुरू केला होता की नाही?

सिस्टर_साक्री
तापीकाठ यांचं बरोबर आहे, पण पुढचंही सांगा. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात २२ वर्षं एएनएम (नर्स) आहे. भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, लहान कुटुंब सुखी कुटुंब, सगळं रंगवलेलं. त्यात पुरुषाच्या नसबंदीबद्दल धड एक ओळ नाही. आणीबाणीत जी जबरदस्ती झाली त्यानंतर पुढाऱ्यांना तो शब्दच नको झाला. नसबंदीच्या कॅम्पला बाया येतात, मी विचारते नवऱ्याचं का नाही करत, सोपं आहे, टाका पण नाही. उत्तर ठरलेलं, "नही वं बाई, त्याले वावरमा काम करनं पडस." आणि ती स्वतः काय झोक्यावर बसते का? २०१९-२१ च्या सरकारी सर्व्हेत देशातल्या जोडप्यांमध्ये बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३. तेव्हा नुसतं लिहून भागत नाही, कोणाच्या अंगाबद्दल लिहिलं आणि कोणाचं झाकलं तेही बघा.

भरीत_पुरी
मी जळगावची, म्हणून १९९४ आठवलं. मी नववीत होते. मुलींचे फोटो काढून ब्लॅकमेल करून अत्याचार केले होते, आणि पेपरात नाव पडलं 'वासनाकांड'. घरोघरी तोच शब्द. लहान होते तरी मला खटकायचं, कारण वासना म्हटलं की दोन्हीकडून असल्यासारखं वाटतं, ब्लॅकमेल म्हटलं असतं तर एकच गुन्हेगार दिसला असता. पप्पा पेपर वाचून झाला की घडी करून गादीखाली ठेवायचे. आठवड्याभरात माझी सायकल बंद झाली आणि ट्यूशनला भाऊ सोडायला यायला लागला, भाऊ सहावीत होता!! पुढे ताईचं स्थळ बघताना नाशिकच्या लोकांनी पहिला प्रश्न काय विचारला, तर मुलगी शिकली कुठे, जळगावातच का. त्या लिखाणात सेक्सबद्दल एक शब्द धड नव्हता, सगळं आडून आडून, पण मत मात्र पक्कं झालं की मुलींना घरात ठेवा. कर्वे मी वाचलेत. मसाला काही नाही, गणिताच्या मास्तरसारखं सरळ लिहिलंय, कुठे कुठे बोअर पण होतं. अण्णांना म्हणा बिघडवायचंच असेल तर त्या हेडलाइनी जास्त कामाच्या.

केळीवाला_रावेर
ताई, हे डोक्यातच नव्हतं आलं. आमच्याकडे पण त्या वर्षी चुलतबहिणीचं कॉलेज सोडवलं होतं. कारण तेव्हा कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं पण नाही.

तापीकाठ
शब्दाचा मुद्दा जबरदस्त आहे. 'इज्जत लुटली' हेही बघा, लुटणारा बाजूलाच राहतो आणि जिची लुटली तिच्याकडेच सगळे बघतात.

वाचनालय_चाळीसगाव
सगळ्यांचे आभार. आज मीटिंग झाली. अण्णांना १९३४ आणि १९५२ सांगितलं, बाबासाहेबांचं नाव आल्यावर थोडे नरमले, पण म्हणे ते मुंबईचं, आपलं गाव वेगळं. मग जळगावचं काढलं तर सगळे चहाचे कप बघायला लागले. पुस्तक सध्या कपाटातच, मेंबरने अर्ज दिला तर द्यायचं असं ठरलं. अर्ज!

भरीत_पुरी
आणि त्या मुलीला कोणी विचारलं का, तिचं कुठपर्यंत वाचून झालं होतं?

वाचनालय_चाळीसगाव
नाही हो. खरं सांगू तर सुचलंच नाही. ती पंधरा दिवस झाले अभ्यासिकेत आलेली नाहीये. खिडकीजवळची जागा होती तिची, तिथे आता दुसऱ्या मुलाने बॅग ठेवलीय.