एफ्टावाले 100 अब्ज डॉलर आणणार म्हणे, आपल्या वर्कशॉपला त्यातलं काय?

वाळूजकर_सीएनसी

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, टर्निंग-मिलिंगची कामं करतो, दोन-तीन मोठ्या कंपन्यांना पार्ट जातात. 1 ऑक्टोबर 2025 ला स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेनस्टाइन या चौघांच्या एफ्टा गटाबरोबरचा व्यापार करार लागू झाला तेव्हापासून आमच्या ग्रुपवर नुसता पाऊस पडतोय मेसेजचा, 15 वर्षांत 100 अब्ज डॉलर गुंतवणूक, 10 लाख नोकऱ्या वगैरे. एकाने तर लिहिलं की आता युरोपात बिनड्युटी माल पाठवा, उशीर करू नका.

माझं म्हणणं एवढंच की हे 100 अब्ज नक्की कोण देणार आणि नाही दिले तर कोण कोणाला विचारणार? दुसरं, माझ्यासारख्याने एक्स्पोर्टच्या मागे लागावं का? आणि एक स्विस ग्राइंडिंग मशीन घ्यायचं बरेच दिवस डोक्यात आहे, तर आत्ता घेऊ का ड्युटी उतरायची वाट बघू? ज्याला खरंच माहीत आहे त्याने सांगा, फॉरवर्ड नकोत प्लीज.

न्हावाशेवा_वाला

भाऊ, कस्टम हाऊस एजंटचं काम करतो म्हणून तुमच्या कामाचं आधी बोलतो, अब्जांचं नंतर कोणीतरी सांगेलच.

एफ्टा म्हणजे युरोपियन युनियन नाही, हे ग्रुपवर ठळक अक्षरात टाका. जर्मनी, फ्रान्स, इटली यांना माल पाठवलात तर या कराराचा काडीचाही उपयोग नाही. आणि स्वित्झर्लंडने 1 जानेवारी 2024 पासून कारखान्यात बनलेल्या मालावरची आयात ड्युटी काढूनच टाकलीय, सगळ्या जगासाठी, कोणाशी करार असो नसो. म्हणजे तुमच्या पार्टला तिथे करार व्हायच्या आधीच शून्य ड्युटी होती आणि चीनवाल्यालाही शून्यच. नॉर्वेतही कपड्यांसारखे काही प्रकार सोडले तर कारखान्याच्या मालाला जवळपास तेच. आपल्या 99.6 टक्के निर्यातीला सवलत मिळाली असं जे छापून येतं ते खोटं नाही, पण त्यातल्या मोठ्या हिश्शाला ती आधीच होती हे कोणी छापत नाही. आता ती करारात बांधली गेली, उद्या त्यांनी मनात आणलं तरी आपल्या मालावर त्यांना परत ड्युटी लावता येणार नाही, एवढा फायदा आहे आणि तो धरायलाच पाहिजे.

मशीनचं वेगळं आहे. तिथे ड्युटी आपण लावतो आणि आपणच कमी करतोय. साधारण 7.5 टक्के बेसिक ड्युटी, त्या ड्युटीवर 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, मग 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. बेसिक उतरली की सरचार्ज आपोआप उतरतो, आयजीएसटी तसाच राहतो पण त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळतंच. सगळ्या मालाची ड्युटी एकदम शून्य झालेली नाही, काहींची पहिल्याच दिवशी तर काहींची पाच-सात-दहा वर्षांत पायरी पायरीने. त्यामुळे एचएस कोड, म्हणजे कस्टममधला मालाच्या प्रकाराचा नंबर सांगा, त्याशिवाय कोणी छातीठोक सांगत असेल तर तो फेकतोय.

झुरिकचा_बाळू

मी इकडे राहतो, इंजिनिअरिंग कंपनीत आहे, म्हणून 100 अब्जांचं मी सांगतो.

पैसे सरकार देणार नाहीये. इथलं सरकार कंपन्यांना सांगू शकत नाही की जा आणि भारतात कारखाना टाका, तसं कोणी बोललं तर लोक हसतील. करारातली भाषा अशी आहे की एफ्टा देश गुंतवणूक वाढावी असं ध्येय ठेवतील, पहिल्या 10 वर्षांत 50 अब्ज आणि पुढच्या 5 वर्षांत आणखी 50. शेअर बाजारातून शेअर घेणं यात धरत नाहीत, कारखाने, कंपन्या असली थेट गुंतवणूक पाहिजे. आणि त्यालाही अट आहे, हे आकडे भारताचा जीडीपी डॉलरमध्ये वर्षाला साधारण 9.5 टक्के वाढेल असं गृहीत धरून काढलेत, म्हणजे रुपया घसरला की तो आकडा गाठणं अवघड होत जाणार.

नाही आले तर? 15 वर्षं संपल्यावर भारत तक्रार करू शकतो, मग दोन्हीकडचे अधिकारी बसणार, मग मंत्री बसणार, मग तीन वर्षांची मुदत, आणि तरीही जमलं नाही तर भारत आपल्या दिलेल्या सवलती तात्पुरत्या मागे घेऊ शकतो. म्हणजे 2043 तरी उजाडेल. तरीपण मी याला फुकाचं म्हणणार नाही कारण व्यापार करारात गुंतवणुकीचा आकडा लिहून त्यापुढे सवलत मागे घ्यायचा हक्क ठेवणं हे एफ्टाच्या बाबतीत पहिल्यांदाच झालंय. लग्नाच्या याद्या करताना मुलाकडचे जे कबूल करतात त्याला निदान कागद असतो, तसंच हे, कागद आहे पण वसूल करायला गेलं की नातं आधी आठवतं.

मागचा हिशोब पण बघा. 2000 पासून 2023 पर्यंत एफ्टाकडून आलेली थेट गुंतवणूक सगळी मिळून 10 अब्ज डॉलरच्या आसपास. त्याच्या दहापट 15 वर्षांत. यातला एक गुंता म्हणजे पुष्कळ स्विस पैसा सिंगापूर किंवा नेदरलँड्सच्या कंपनीमार्फत येतो, तेव्हा आपल्या नोंदीत तो त्या देशाच्या नावावर पडतो.

आणि एक गंमत. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने नेस्लेच्या केसमध्ये निकाल दिला की कर करारातलं 'मोस्ट फेवर्ड नेशन' कलम, म्हणजे दुसऱ्या देशाला कमी दर दिला तर तोच आम्हालाही द्या असं कलम, सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय आपोआप लागू होत नाही. त्यावर स्वित्झर्लंडने 1 जानेवारी 2025 पासून आपल्या बाजूने ते कलम थांबवलं, म्हणजे इथून भारतीय कंपनीला जाणाऱ्या लाभांशावर 5 च्या जागी 10 टक्के कर. एका टेबलावर 100 अब्जांचा करार सही करून ठेवलेला आणि बाजूच्या टेबलावर हे चाललेलं.

सोनंनाणं

आयातीचे आकडे बघताना जरा जपून. स्वित्झर्लंडकडून आपण जे घेतो त्यात 80 टक्क्यांहून जास्त सोनं असतं, आणि ते तिथे खणत नाहीत हं. तिचिनो भागात मोठ्या रिफायनऱ्या आहेत, लंडनच्या साडेबारा किलोच्या विटा तिथे जातात आणि वितळवून किलोच्या बिस्किटांच्या रूपात आपल्याकडे येतात. त्यातली वालकांबी तर 2015 पासून बंगळुरूच्या राजेश एक्स्पोर्ट्सच्या मालकीची आहे! भारताने 95 टक्के आयातीला सवलत दिली असं वाचून घाबरू नका, त्यातलं बहुतेक सोनंच, आणि सोन्यावर सवलत कागदावरच आहे, ड्युटीची कमाल मर्यादा 40 वरून 39 टक्के केली, प्रत्यक्षात भरायच्या ड्युटीत काही फरक नाही. चॉकलेट आणि घड्याळं मात्र हळूहळू स्वस्त होणार. दूधदुभतं आणि सोयाबीन आपण बाहेर ठेवलंय, लातूरवाल्यांनी निश्चिंत राहावं, निदान या कराराच्या बाबतीत.

औषधवाली_ताई

सगळे यंत्रं आणि सोनं बोलताय म्हणून मध्ये पडते. बोलणी 2008 ला सुरू झाली, 2013 मध्ये थांबली, 2016 ला परत चालू झाली आणि सही 10 मार्च 2024 ला. मधली बरीच वर्षं औषधांच्या पेटंटवरून गेली. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या औषध कंपन्यांना डेटा एक्सक्लुझिव्हिटी पाहिजे होती, म्हणजे मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या भरवशावर जेनेरिकवाल्याला, म्हणजे तेच औषध स्वस्तात बनवणाऱ्याला, काही वर्षं परवानगीच मिळू नये. ती आपण दिली नाही आणि हे फार बरं झालं. 2013 मध्ये ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाच्या पेटंटवरून बासेलची नोव्हार्टिस सुप्रीम कोर्टात हरली ते आठवतंय ना, त्याच वादाचा हा पुढचा भाग.

पण सगळंच वाचलं असं नाही. पेटंट घेतलेली कंपनी ते पेटंट भारतात वापरतेय का याची माहिती फॉर्म 27 मध्ये दरवर्षी द्यावी लागायची, सही झाल्यावर आठवड्याच्या आत नियम बदलले आणि ते तीन वर्षांतून एकदा झालं. करारातही तेच लिहिलंय. फॉर्म दिसायला किरकोळ आहे, पण सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसताना ते औषध बनवायची सरकारी परवानगी मागायची तर त्यातलीच माहिती लागते. बातम्यांत या एका ओळीला जागा मिळाली नाही, चॉकलेटला मिळाली.

वाळूजकर_सीएनसी

ताई, हे खरंच माहीत नव्हतं. न्हावाशेवा दादा, मशीन सिलिंड्रिकल ग्राइंडर आहे, कोड 8460 च्या खालचा. डीलर म्हणतोय स्विस कंपनी आहे, सवलत मिळणारच, तुम्ही निर्धास्त राहा. आणि बाळूशेठ, मग त्या गुंतवणुकीतून आमच्याकडे काहीच झिरपणार नाही का? वाळूजला एंड्रेस हाउजर आहे, तिकडे शिरवळजवळ विंगला रीटर आहे, म्हणजे स्विस लोक नवीन नाहीत आपल्याकडे.

झुरिकचा_बाळू

उलट तिथेच झिरपेल. माझ्या मते तुम्ही इथे पार्ट पाठवायचं स्वप्न बघू नका, तिथे आधीच बसलेल्या स्विस कंपनीचे सप्लायर व्हा. अमेरिकेने 2025 च्या ऑगस्टमध्ये स्विस मालावर 39 टक्के टॅरिफ लावलं होतं, नोव्हेंबरमध्ये 15 वर आणायचं ठरलं, पण तेवढ्या काळात इथल्या मशीनवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं, आता प्रत्येक जण दुसरी बाजारपेठ आणि स्वस्त पार्ट शोधतोय. दिल्लीत 2025 च्या फेब्रुवारीपासून खास एफ्टा डेस्क आहे, पण तो गुंतवणूकदारांसाठी, तुमच्या कामाचा माणूस कंपनीच्या परचेसमध्ये बसतो. क्वालिटीची कागदपत्रं, मटेरियल सर्टिफिकेट, मोजमापाचे रिपोर्ट तयार ठेवा, भाव नंतर निघतो.

न्हावाशेवा_वाला

डीलरला विचारा, मशीन बनलं कुठे. नाव स्विस असून माल जर्मनीत किंवा चीनमध्ये जुळवलेला असेल तर सवलत नाही, ओरिजिन म्हणजे उगम एफ्टा देशातला सिद्ध व्हावा लागतो. आणि 2020 च्या कॅरोटार नियमांनी, म्हणजे करारातली सवलत घेताना उगम सिद्ध करायच्या आपल्या कस्टमच्या नियमांनी, ती जबाबदारी आयात करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर टाकलीय, डीलरवर नाही. अधिकाऱ्याने विचारलं तर उगमाची माहिती तुमच्याकडे पाहिजे, नाहीतर फरकाची ड्युटी व्याजासकट.

दुसरं म्हणजे वाट बघण्याचा हिशोब नीट मांडा. स्विस फ्रँक 2023 मध्ये नव्वदीत होता, आता शंभरीच्या पुढे आहे. साडेसात टक्के वाचवायला थांबलात आणि तेवढ्यात फ्रँक दहा टक्क्यांनी चढला तर काय मिळवलंत? 8460 च्या पुढचे चार आकडे आणि ओरिजिन डिक्लरेशनचा नमुना डीलरकडून घेऊन मला मेसेज करा, भाव पक्का करायच्या आधी, नंतर नको.

वाळूजकर_सीएनसी

डीलरला आत्ताच फोन केला. 'बघून सांगतो' म्हणाला, आवाज जरा पडलेला वाटला 😄