एडी घेणाऱ्याला ‘चीटर’ म्हणणारे स्वतः कधी खाली बसले होते का?

चौथा_रिमोट (धागाकर्ता)
आमच्या गल्लीतल्या गेम पार्लरच्या भिंतीवर स्केचपेनने लिहिलेलं होतं, ‘एडी घ्यायचा नाही’. खेळ अर्थातच टेकन ३, दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम. हरला तो रिमोट सोडणार हा नियम, आणि कोणीतरी शेंबडं पोर एडी गोर्डो हे पात्र घेऊन फुली-गोल, फुली-गोल बडवत चार दादा लोकांना ओळीने उठवायचं. मग बंदी.

माझं मत: ती बंदी म्हणजे आपला आळस होता. नाम्को या कंपनीने १९९४ साली पहिलं टेकन आर्केडमध्ये आणलं तेव्हाच चार बटणं म्हणजे चार हातपाय असं ठरवलं. प्लेस्टेशनवर चौकोन डावा हात, त्रिकोण उजवा, फुली डावा पाय, गोल उजवा. स्ट्रीट फायटर या दुसऱ्या मारामारीच्या गेममध्ये हलका-मध्यम-जोराचा अशी सहा बटणं डोक्यात ठेवावी लागतात. इथे नवख्यालाही पहिल्या मिनिटाला काहीतरी जमतं. एडी हे त्याचं टोक. पण त्याला उत्तरही तिथेच होतं. मागे-खाली दाबून बसा, लाथ अडवा, त्याचं संपलं की मारा. नाहीतर वर किंवा खाली हलकेच टिचकी देऊन बाजूला सरका. टेकन ३ मध्ये ही सोय सगळ्यांना मिळाली होती. आपण नुसतं मागे दाबून खांबासारखे उभे राहायचो.

आता टेकन ८ मधल्या ‘स्पेशल स्टाईल’वर (एकेका बटणावर तयार मार देणारी सोपी पद्धत) तेच लोक तेच रडगाणं गातायत.

पॉलचा_पंखा
साफ असहमत. ‘बसा’ म्हणणं सोपं आहे हो. बसलं की मिड लाथ (मधल्या उंचीची, बसून अडवता येत नाही ती) थोबाडावर. हातांवर उलटा उभा राहिलेला एडी पुढे काय मारणार हे एडीवाल्यालाच माहीत नसायचं, मला कुठून कळणार? शिवाय तासाचे दहा रुपये, त्यात तीन जण भागीदार. शिकायचं कधी?

चौथा_रिमोट
मिडचा मुद्दा मान्य. नुसतं बसून भागत नाही, कधी उठायचं तेही कळावं लागतं. पण त्यालाच खेळ येणं म्हणतात ना?

इलेक्ट्रिक_काका
एडी आणि स्पेशल स्टाईल एका तागडीत घालू नका. एडी बडवणारा निदान बोटं तरी मोडून घेत होता. काझुया या पात्राचा ‘इलेक्ट्रिक’ ठोसा काढायला पुढे, मग बोट सोडायचं, खाली, आणि तिरपं-खाली दाबताना त्याच फ्रेमला उजवा हात. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. चुकलात तर साधा ठोसा निघतो आणि समोरच्याने अडवला की तुम्ही मार खाता. बरोबर निघाला तर अडवूनही तुमचीच पाळी. मी यावर एक अख्खा पावसाळा घालवलाय (बायको साक्षीला आहे). आणि आता एका बटणावर हवेतला तयार काँबो, म्हणजे सलग मारांची माळ?

चौथा_रिमोट
काका, त्या बटणांवर ठरावीक मारच मिळतात. तेवढे पाठ असलेला माणूस स्पेशल स्टाईलवाल्याला धुऊन काढतो. इलेक्ट्रिकवाल्याने घाबरायचं कारण काय?

काठावरचा_प्रेक्षक
२०१९ चं कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. लाहोरचा टेकन खेळाडू अर्सलान ॲश फेब्रुवारीत एव्हो जपान ही मोठी स्पर्धा जिंकला, ऑगस्टमध्ये लास वेगासला कोरियाच्या ‘नी’ नावाच्या खेळाडूला हरवून मुख्य एव्हो स्पर्धाही घेऊन गेला. टेकनचं माहेरघर जपान-कोरिया असं सगळे धरून चालले होते. ‘हा घ्यायचा नाही, तो घ्यायचा नाही’ करत बसलेल्या गल्लीतून असा कोणी निघेल असं मला वाटत नाही.

पॉलचा_पंखा
आमच्या गल्लीतून कोणी निघणारच नव्हतं, वीज जायची.

कडेलोट
बटणांवरून काय भांडताय, कथा बघा. हेहाची पाच वर्षांच्या काझुयाला कड्यावरून फेकतो. पोरगा मोठा होऊन पहिली स्पर्धा जिंकतो आणि बापाला त्याच कड्यावरून खाली. दुसऱ्या भागात बाप परत येऊन पोराला ज्वालामुखीत टाकतो. तिसऱ्याच्या शेवटी आजोबा नातवाला, म्हणजे जिनला, गोळी घालतात. सातव्यात काझुया हेहाचीला लाव्हात ढकलतो, आणि आठव्यात आपण वेगळे पैसे भरले की हेहाची परत! या घराण्यात वाटण्या कड्यावरूनच होतात. तिसऱ्यानंतर ही कथा नाही, दुपारची मालिका आहे.

चौथा_रिमोट
मालिका तर मालिका. पण ज्या एडीला आपण शिव्या दिल्या, त्याचा बाप ड्रगवाल्यांनी मारलेला, पोरगा तो आळ स्वतःवर घेऊन तुरुंगात जातो आणि तिथे एका म्हाताऱ्याकडून कापोएरा (ब्राझीलची नाचासारखी मारामारीची कला) शिकतो. पार्लरमध्ये हे कुणाला माहीत होतं? शेवटचा व्हिडिओ लागला की मालक येऊन स्टार्ट दाबायचा.

पॉलचा_पंखा
आणि तिसऱ्या भागात आमचा पॉल ओगर या खलनायकाला हरवून, स्पर्धा जिंकली समजून खुशाल घरी गेला. मागे ओगर राक्षस होऊन उठला आणि श्रेय जिनला. त्याचा अन्याय कोणी मांडत नाही!

बरं, शनिवारी रात्री ऑनलाइन ये. मी पॉल, तू एडी. फक्त एवढं सांग, आठवा भाग २०२४ च्या जानेवारीत आला तेव्हा एडी त्यात नव्हताच, एप्रिलमध्ये वेगळ्या पैशांनी आला. घेतलास की नुसतीच वकिली?

चौथा_रिमोट
पहिल्याच दिवशी घेतला. बसायची प्रॅक्टिस करून ये.