वापरलेली बासरी घेताना काय तपासायचं? (पांढरी तीन, सांगली)

विश्रामबागकर:
सांगलीत एक वापरलेली बासरी विकायला आहे. पांढरी तीन (म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा सा), लांबी साधारण ३० इंच, सहा भोकं आणि खाली सातवं. टोकांना आणि मध्ये दोन ठिकाणी दोरा बांधलाय. १८०० रुपये म्हणतायत. शिकणार मुलगी, वय १२. रविवारी बघायला जायचंय. काय तपासू? मिरजेत कुणाला दाखवावी का?

वेळूबन:
आधी चीर बघा. बांबू उभा चिरतो आणि चीर दोऱ्याखाली लपते. टोकांचा दोरा नव्या बासरीलाही असतो. मधला एखादा दोरा बाकीच्यांपेक्षा नवा दिसला तर तो का बांधला ते विचारा.

नुसत्या नजरेवर जाऊ नका, चिकटपट्टी बरोबर न्या. सातही भोकं पट्टीनं बंद करा, खालचं तोंड दुसऱ्या कुणाला तळहातानं दाबायला सांगा आणि फुंकीच्या भोकातून हवा आत ओढा. ओठ चिकटून राहिले तर नळी धड आहे. लगेच सुटले तर हवा चिरेतून तरी शिरतेय किंवा वरच्या बंद टोकात बसवलेल्या बुचाच्या कडेनं. बूच बदलता येतं. बोटांच्या भोकांपासून लांबची केसाएवढी चीर चिकटवून, वर दोरा आवळून चालते. फुंकीच्या भोकातून गेलेली चीर असेल तर फुकटातही घेऊ नका.

त्या भोकाची समोरची कड, जिच्यावर फुंकर आपटते, उजेडात धरून बघा. टवका उडालेला किंवा कानस मारलेली असेल तर आवाजात फुसफुस येते आणि मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) बसत नाही. याला इलाज नाही. बोटांच्या भोकांत मेण भरलेलं दिसलं तर मुळात तो स्वर चढा होता असं समजा.

काळ्या कागदावर बासरी हलकेच आपटा. पीठ पडलं आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर भुंगा लागलाय. सोडून द्या.

षड्ज_पंचम:
सूर तपासायच्या आधी पाच मिनिटं वाजवून नळी गरम होऊ द्या. आतली हवा १ अंशानं तापली की स्वर साधारण ३ सेंट (१०० सेंट म्हणजे पेटीवरच्या लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) चढतो, त्यामुळे थंडीतल्या सकाळी चांगली बासरीही उतरलेली वाटते.

मोबाइलवरचा ट्यूनर (सूर मोजणारं अ‍ॅप) A = ४४० हर्ट्झला ठेवा. वरची तीन भोकं बंद केली की सा, ३२९.६ हर्ट्झ. सहाही बंद, मंद्र पंचम, २४६.९. सगळी उघडी, तीव्र मध्यम. शुद्ध गंधार ट्यूनरवर १४ सेंट आणि धैवत १६ सेंट उतरा दिसला तर घाबरू नका, तंबोऱ्याशी तो तिथंच जुळतो. मग मध्य सा आणि तार सा (वरच्या सप्तकातला) ताडून बघा. तार सा सतत उतरा येत असेल तर बहुतेक बूच मागं सरकलंय. बंद टोकाकडून काठीनं मिलिमीटरभर आत ढकलून परत ऐका.

मिरजेतल्या कारागिरांचा हात सतार-तंबोऱ्यावर. बासरीसाठी बासरी शिकवणाऱ्यालाच बरोबर न्या.

कृष्णाकाठ:
१२ वर्षांच्या हाताला ३० इंची बासरी बहुधा मोठी पडेल. मुलीला घेऊन जा. बोटांची टोकं नव्हे, मधली पेरं टेकवून सहाही भोकं बंद करून मंद्र पंचम स्वच्छ निघतो का बघा. खालच्या हाताचं तिसरं बोट पुरत नसेल तर २४-२५ इंचांची पांढरी पाच शोधा. बोटं ठेवायची पद्धत तीच राहते, पुढं मोठी घेतली तरी नव्यानं शिकावं लागत नाही. शिकवणाऱ्यांना बासरीची कोणती पट्टी (पांढरी तीन, पांढरी पाच वगैरे) चालते तेही आधी विचारा.

विश्रामबागकर:
मनापासून आभार. मालक म्हणतात, आतून तेल भरपूर दिलंय. ते चांगलं ना?

वेळूबन:
भरपूर नको. जादा तेलावर धूळ बसून थर चिकट होतो आणि आवाज दबतो. काठीला सुती कापड गुंडाळून आतून पुसून काढा, मगच सूर तपासा. पुढं दोन-तीन महिन्यांतून मोहरीच्या तेलाचे चार थेंब कापडावर घेऊन फिरवले की पुरे, भोकांच्या कडांना लागू द्यायचं नाही. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवू नका, तिथंच चिरते.